आधी काय झालं

सत्तर सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले नव्हते, तोच सावळखेडच्या शिवारात कापूस एकदम फुटला आणि त्याच हप्त्यात आभाळ भरून आलं. सातपुड्याच्या अंगाला काळपट ढग येऊन बसला तो हलेना. फुटल्या कापसावर पाऊस पडला की धाग्याला पिवळट डाग धरतो, बोंडातच सरकीला कोंब येतात. त्यामुळे जो तो वेचणीच्या बायांमागे धावत होता. संग्रामपूरपासून अडीच कोस आत असलेलं गाव, बाया मोजक्या, आणि नारायण पाटलाचं रान मोठं. पाटलानं वेचणीचा दर वाढवला तशा अर्ध्याअधिक बाया त्याच्याकडे गेल्या.

दयारामची जमीन नऊ एकर. माणूस कामाला वाघ, पण जिभेनं तिखट, आणि गावात कोणापुढे मान खाली घालायची त्याला सवय नव्हती. तरी त्या सकाळी तो बौद्धवस्तीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि तिथूनच त्यानं जनकाबाईला हाक मारली. जनकाबाईला कोणी मुकादम नेमलं नव्हतं, पण ती ज्या रानात जाई तिथं दहा बाया तिच्यामागे जात. ती पदराला हात पुसत बाहेर आली. दर वाढवत नसाल तर निदान कामाला हात वाढवा, असं तिचं म्हणणं पडलं.

"घरची बाई आमच्यासंगं पात धरत असन, तर येतो आमी," ती म्हणाली.

दयारामनं हो म्हटलं. त्याच्या बायकोला, सोजराबाईला, विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

सोजराबाईची उजवी पापणी तेव्हा आठ दिवसांपासून लोंबत होती. आधी वाटलं रांजणवाडी येते आहे. मग पापणी अर्ध्या बुबुळावर आली आणि तिथंच राहिली. एकाचे दोन दिसतात, असं तिनं सासूला, तानुबाईला, सांगितलं होतं. चुली दोन, तवे दोन, कोणत्या तव्यावर भाकर टाकू. तानुबाईनं हवा लागली म्हणून डोळ्याला तूप चोळलं आणि मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. दयारामनंही ते पाहिलं होतं. पण त्यानं पाहिलं ते असं, की बायकोच्या कमरेच्या ओटीत किडका कवडी कापूस आणि पालापाचोळा चांगल्या कापसात मिसळून येतो आहे, आणि तिच्या मागे झाडांवर बोंडं तशीच राहत आहेत. एकदा तर तिचा हात बोंडाच्या शेजारी गेला, हवेतच मिटला आणि रिकामा ओटीत आला. "झोपीत येचून राह्यली काय," असं तो बायांसमोर म्हणाला होता. बाया हसल्या होत्या. सोजराबाईही पदर तोंडाला लावून हसली होती.

त्या दिवशी उन्हाचं नाव नव्हतं, पण उकाडा असा की पाठीला लुगडं चिकटत होतं. बारा पाती लागल्या, प्रत्येकीची वेचायच्या ओळींची एक. जनकाबाई धरून अकरा जणी आणि बारावी सोजराबाई. दयाराम गाडी घेऊन धुऱ्याशी, शेताच्या बांधाजवळ, उभा होता. ओट्या भरून आल्या की कापूस तोलायचा, गाडीत ओतायचा, पायानं दाबायचा. तिसऱ्या प्रहरी त्याच्या लक्षात आलं की अकरा पाती पुढे गेल्या आणि एक मध्येच थांबली. पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये सोजराबाई खाली बसली होती. दोन्ही हातांनी तिनं डोकं धरलं होतं, मान गुडघ्यांत.

पुढच्या पातीवरची एक बाई सरळ उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की मालकीणच बसली, आता आपणही बसू. दोघीतिघी हसत खरोखरच बसल्या. एकीनं कमरेची पिशवी काढून पान लावायला घेतलं. दयारामच्या कानात ते हसणं गेलं आणि त्याचं डोकं सटकलं. तो पऱ्हाट्या तुडवत तिच्यापाशी गेला.

"ऊठ," तो म्हणाला.

सोजराबाईनं वर पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं. "डोक्यात काही तरी फुटलं माह्या," ती हळू म्हणाली. "घाव घातल्यावानी."

त्यानं तिला दंडाला धरून उभं केलं आणि उलट्या नाही, सरळ हातानं तिच्या कानाखाली मारली. एकदाच. आवाज मोकळ्या रानात दूरवर गेला. सोजराबाईनं हात वर केला नाही. ती वाकली, भडाभडा ओकली, आणि कुशीवर कोसळली.

बसलेल्या बाया उठल्या. जनकाबाई धावत आली, तिनं सोजराबाईचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं. घरी न्या म्हणाली. दयाराम एकदा बायकोकडे, एकदा ढगाकडे पाहत राहिला. गाडी अर्धी रिकामी होती. "सोंग हाय," तो म्हणाला, "पडू द्या थोडा येळ." सोजराबाईला बाभळीखाली कापसाच्या गंजीवर निजवलं आणि वेचणी पुढे चालू झाली. दिवस मावळायला गाडी भरली, तेव्हा तिला कापसावरच टाकून त्यानं घरी आणलं. वाटेत ती दोनदा ओकली. चांगल्या कापसावर डाग पडतील म्हणून त्यानं तिच्या तोंडाखाली गोणपाट सारलं.

पाऊस आलाच नाही. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

सोजराबाई हाक मारली की डोळे उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. मान लाकडासारखी ताठ झाली होती, उशीवरून उचलली की ती कळवळे. दयारामनं पुन्हा गाडी जुंपली, गादी टाकली. तानुबाईच्यानं प्रवास होणार नव्हता, आणि बाईजवळ बाई पाहिजे. न बोलावता जनकाबाई एका पिशवीत लुगडं घेऊन आली आणि गाडीच्या मागल्या बाजूला बसली. संग्रामपूरला बस मिळाली. कंडक्टरनं मागचं लांब बाकडं रिकामं करून दिलं. शेगावावरून खामगावला पोचेपर्यंत दयाराम बायकोच्या पायाशी उभा होता आणि जनकाबाई तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसली होती, धक्का लागू नये म्हणून.

खामगावच्या दवाखान्यातले डॉक्टर चाळिशीचे, बारीक आवाजाचे होते. त्यांनी सोजराबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारली. डाव्या डोळ्याची बाहुली बारीक झाली, उजव्या डोळ्याची मोठीच राहिली. त्यांनी उजवी पापणी बोटानं वर केली, सोडली, ती खाली पडली. मग ते दयारामकडे वळले. काय झालं, म्हणाले.

खोलीत एक नर्स होती, एक वॉर्डबॉय होता, दारात जनकाबाई उभी होती. दयारामनं बसमध्ये ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं ते तयार असल्यासारखं निघालं.

"धुऱ्यावरून पाय सरकला साहेब. डोक्यावर पडली."

पडण्याआधी डोकं दुखत होतं का? नाही. भोवळ आली होती का? नाही. पापणी केव्हापासून अशी आहे?

"पडल्यापासून," दयाराम म्हणाला.

डॉक्टरांनी लिहून घेतलं.  जनकाबाई दयारामकडे पाहतही नव्हती. नर्सनं दिलेला पाण्याचा तांब्या हातात धरून ती त्या तांब्याकडेच पाहत होती.

मानेचा ताठपणा डॉक्टरांना खटकला. त्यांनी सोजराबाईला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं. ते पाणी स्वच्छ असायला पाहिजे होतं. काचेच्या तिन्ही नळ्यांत ते एकसारखं लाल उतरलं. मार लागून मेंदूवर रक्त सांडलं आहे, त्यांनी सांगितलं, आणि डोळ्याची नस त्यातच दुखावली असेल. शुद्ध आहे हे चांगलं. रक्त हळूहळू आपोआप जिरेल. तिला अंधारात ठेवायचं, उठू द्यायचं नाही, खोकू द्यायचं नाही, कुंथू द्यायचं नाही, जवळ मोठ्यानं बोलायचं नाही.

कोपऱ्यातल्या एका खोलीच्या खिडकीला घोंगडी लावली. त्या अंधारात पाच दिवस गेले. जनकाबाई चमच्यानं पाणी पाजी, भांडं लावी, अंग पुसून घेई. सोजराबाईला एकसारखं उताणं निजून पाठीला चट्टे पडू लागले तेव्हा ती तळहातानं तेल जिरवी. सावळखेडला सोजराबाईच्या पाण्याचा माठ आणि वस्तीतल्या बायांचा माठ रानातसुद्धा वेगळा ठेवला जाई. दयारामच ठेवायचा. इथं त्याची बायको जनकाबाईच्या हातून घोट घोट पीत होती आणि तो दाराशी चपला सांभाळल्यासारखा बसून होता.

चौथ्या दिवशी सोजराबाईचा भाऊ महादेवराव चिखलीहून आला. तिथं तो शाळेत मास्तर होता. बहिणीला पाहून त्याचे डोळे भरले. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यानं दयारामचे दोन्ही हात हातांत घेतले. गावातला दुसरा कोणी असता तर भगताकडे नेऊन बसला असता, पण तुम्ही ऐन वेचणीच्या दिवसांत रान टाकून इथवर आणलंत, हे उपकार आम्ही विसरणार नाही, असं तो म्हणाला. दयारामला हात सोडवून घेता आले नाहीत. जनकाबाई नळावर फडकी पिळत होती. तिनं फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी सोजराबाई थोडी बोलली. मुलीची आठवण काढली. मुलगी लोणारकडे दिलेली होती, तिला कळवू नका म्हणाली, दिवस भरत आले आहेत तिचे. मग तिनं एकाएकी डोकं धरलं, तोंडातून नुसता आ निघाला, आणि सगळं अंग खाटेवर आपटायला लागलं. नर्स धावली, डॉक्टर धावले. फिट थांबली तेव्हा ती हाकेला ओ देईनाशी झाली होती. पाठीतून पुन्हा पाणी काढलं, ते ताजं लाल होतं.

डॉक्टर बाहेर आले. मग त्यांनी दयारामला आणि जनकाबाईला आपल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"मार लागलेल्या माणसाला सहाव्या दिवशी असं नवं रक्त येत नाही," ते म्हणाले. "मला नीट सांगा. आधी काय झालं? आधी ती पडली, की आधी डोकं दुखलं?"

दयारामला समोरच्या टेबलावरचा शाईचा डाग दिसत होता. पडली, असं तो म्हणाला. 

"भाऊ," जनकाबाई म्हणाली, "सांगा. नाई तर मले सांगा लागीन."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. गाडीत कापूस भरताना, दाबा जरा, असं म्हणावं तसं म्हटलं होतं. आणि दयारामनं सांगितलं. पापणी आठ दिवसांपासून लोंबत होती. दोन दोन दिसत होतं. ती पडली नाही, आधी बसली. डोक्यात फुटलं म्हणाली. आणि मग मी मारलं. हे सांगताना त्याचा उजवा हात त्याच्या मांडीखाली गेला होता, हे त्याला नंतर कळलं.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. आधीचा कागद त्यांनी फाडला नाही, त्याच्यावर आडवी रेघ मारली.

"मीच फोडली ना साहेब नस?" दयारामनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीला फुगा धरलेला असतो, कैक वर्षांचा असतो. तो वाढला की डोळ्याच्या नसेवर दाबतो, पापणी पडते. ती पापणी म्हणजे इशारा होता. मग तो फुटतो. तुमच्या हातानं तो फुटला नाही. तुम्ही मारलंत ते तो फुटल्यावर." ते थांबले. "आणि पापणीचं मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर ती त्याच दिवशी नागपूरच्या वाटेला लागली असती."

मी फोडली नाही, हे ऐकताच दयारामच्या छातीवरचं काही तरी क्षणभर उतरलं. लगेच त्याला त्या उतरण्याचीच शरम वाटली. बाई आत निपचित पडली होती आणि आपण सुटलो म्हणून त्याचा श्वास मोकळा झाला होता.

डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. दोन दिवसांनी ती जराशी सावरली, बोट दाबलं तर बोट दाबू लागली, तेव्हा दवाखान्याच्या गाडीनं शेगाव स्टेशनपर्यंत आणि तिथून आगगाडीनं, स्ट्रेचरवर आडवी, तिला नागपूरला नेलं. महादेवराव आणि जनकाबाई संगती आले. चिठ्ठी बंद पाकिटात होती आणि पाकीट दयारामच्या बंडीच्या खिशात होतं. ते त्याला रात्रभर टोचत राहिलं.

नागपूरला दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीला आले, मागे दहाबारा शिकाऊ डॉक्टर, पोरं आणि पोरी, पांढऱ्या कोटांतली. एका पोरानं चिठ्ठी वाचून दाखवायला सुरुवात केली. सगळं इंग्रजीत होतं. दयाराम खाटेच्या पायथ्याशी उभा होता, त्याला काही कळत नव्हतं. मध्येच एक शब्द त्याला कळला, हजबंड. आणि त्या शब्दासरशी ती सगळी तोंडं कागदावरून उठली आणि त्याच्याकडे वळली.  एका पोरीनं त्याच्या हातांकडे पाहिलं. महादेवराव शेजारीच होता. मास्तरला इंग्रजी येत होतं.

फेरी पुढे गेली.  मग महादेवराव दयारामला म्हणाला, "खामगावात मी तुमचे हात धरले होते." एवढंच म्हणाला. तिथून पुढे तो बहिणीसाठी राहिला, औषधं आणली, रक्त दिलं, पण भावजींशी कामापुरतं बोलला. बहीण शुद्धीवर आली तर तिला काय सांगायचं, असं त्यानं एकदा विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

सोजराबाईच्या मानेत सुई घालून रक्तवाहिनीत औषध सोडलं आणि फटाफट फोटो काढले. मोठ्या डॉक्टरांनी ती काळी काच उजेडासमोर धरून नातेवाइकांना दाखवली. पानगळीतल्या झाडासारख्या पांढऱ्या फांद्या फांद्या होत्या. एका फांदीच्या बेचक्यात वाटाण्याएवढा ठिपका होता.

"सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसा हा," डॉक्टर म्हणाले. "दोनदा फुटला, दोन्ही वेळा आपोआप बुजला. तिसऱ्यांदा बुजेल असं मी म्हणणार नाही. कवटी उघडून याच्या मानेला चांदीचा बारीक चिमटा लावावा लागेल. त्यात ती जाऊही शकते. वाचली तर एखादा हात-पाय, बोलणं जाऊ शकतं. सही कोण करतं?"

दयारामला सही येत होती. कागदावर नवऱ्याचं नाव असं जिथं छापलं होतं तिथं त्यानं नाव लिहिलं. नाव वाकडं आलं. डॉक्टरांना ते चाललं.

तिचे केस काढले तेव्हा जनकाबाई जवळ होती. गुडघ्यापर्यंतचे केस, तेलानं चोपडलेले. तिनं ते गोळा करून फडक्यात बांधले. सकाळी आठला आत नेलं ते दोन वाजून गेल्यावर बाहेर आणलं. डोक्याला पांढरा पटका, नाकात नळी, तोंड सुजून ओळखू येईना. डॉक्टर घामानं भिजले होते. चिमटा बसला, म्हणाले, आता ती आणि तिचं नशीब.

तिसऱ्या दिवशी तिनं ओठ हलवले. डावा हात जड होता, पण हलत होता. पाचव्या दिवशी ती बोलली. कापूस भिजला काय, असं तिनं विचारलं.  जनकाबाई म्हणाली, नाही भिजला बाई, पाऊस आलाच नाही. सोजराबाईला रानातला तो दिवस अजिबात आठवत नव्हता. सकाळी भाकरी थापल्या इथपर्यंत आठवत होतं, पुढे अंधार. काय झालं होतं, म्हणाली. दयाराम खाटेजवळ होता, महादेवराव होता, जनकाबाई होती. तिघेही एकमेकांसाठी थांबले. शेवटी महादेवरावच खाली पाहत म्हणाला, की पडली होतीस रानात. बहिणीला अशा वेळी धक्का नको, असं त्यानं नंतर जनकाबाईला सांगितलं.

माघ लागला तेव्हा ती सावळखेडला परत आली. बसमधून उतरून स्वतःच्या पायांनी घरापर्यंत चालली. उजवी पापणी पाऊण उघडली होती. डोक्यावर बोटभर केस उगवले होते आणि त्यांतून कानामागून कपाळापर्यंत घोड्याच्या नालासारखा व्रण दिसायचा, म्हणून ती पदर घट्ट घ्यायची. आठ-दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. डोकं उघडून पुन्हा शिवलेली बाई पाहायला शेजारच्या गावांतून लोक आले. आणि जो येई तो दयारामची तारीफ करी. बायकोसाठी माणसानं नागपूर गाठलं, एवढं कोण करतं. नारायण पाटलानंही पारावर चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांत वाईट म्हणजे सोजराबाईच सांगायची. येणाऱ्या बायांना चहा देता देता ती म्हणायची, "यायनी नसतं नेलं, तं मी मेलीच होती." त्या बायांत अकरांतल्याही काही असत. त्या चहा पीत, मान हलवत, आणि दयाराम ओसरीवर असला तर त्याच्याकडे न पाहता निघून जात.

दयाराम घरात जेवेनासा झाला. रानात जातो म्हणून निघे आणि गोठ्यात बसे. दहा दिवस त्यानं काढले. अकराव्या दिवशी दुपारी तानुबाई शेजारी गेली होती, सोजराबाई ओसरीवर तुरी पाखडत होती. एका हातानं सूप नीट धरता येत नव्हतं, दाणे बाहेर सांडत होते. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, सांडलेले दाणे वेचू लागला, आणि वेचता वेचता त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरला सांगितलं होतं त्याहून जास्त सांगितलं. बाभळीखाली किती वेळ निजवलं ते, सोंग म्हटलं ते, गोणपाटाचं, आणि खामगावच्या खोटं बोलण्याचं.

सोजराबाईनं सूप खाली ठेवलं.  तिनं डाव्या कानाला हात लावला, जसं काही तिथं अजून काही सापडेल.

"मी काय केलं मंग?" तिनं विचारलं.

"काईच नाई. हातही नाई उचलला."

"बाया होत्या?"

"होत्या."

"कित्येक?"

"अकरा."

तिनं मान हलवली. रडली नाही. तिला जास्त काय लागलं हे दयारामला तेव्हा कळलं. मार तिला आठवतच नव्हता. पण गेले दहा दिवस ती त्याच अकराजणींतल्या बायांना चहा देत होती, त्यांच्यासमोर नवऱ्याचे गुण गात होती, आणि त्या मान हलवत होत्या.

"मले खुळी केली तुमी," ती म्हणाली. "त्यायनी मले मार खाताना पाह्यलं. आता तुमाले सांगताना पाहू द्या. घरोघरी जा. इथं बलावू नका."

दयाराम काही म्हणणार होता. माफी मागायचे शब्द त्याच्या तोंडात होते. पण तिनं सूप उचललं होतं आणि ती पुन्हा पाखडायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. सहाजणी बौद्धवस्तीतल्या होत्या, पाच गावातल्या. वस्तीच्या तोंडाशी तो सवयीनं थांबला, मग आत गेला. जनकाबाई दारात शेण कालवत होती. सगळ्यांची नावं तरी माहीत आहेत का, असं तिनं विचारलं. त्याला सातच माहीत होती. दोन दोन हंगाम त्याच्या रानात राबलेल्या बाया, त्यांतल्या चौघींना तो हाक मारायचा ती अगं, ए, अशी. जनकाबाईनं चारही नावं सांगितली, घरं दाखवली. संगती आली नाही.

प्रत्येक दारात त्यानं तेच सांगितलं. डोकं आधी दुखलं होतं तिचं, मी मारलं ते नंतर, आणि दवाखान्यात खोटं बोललो. कोणी त्याला बस म्हटलं नाही. आशाबाई नावाची तरणी बाई पोराला पाजत होती, ती घाबरून आत गेली आणि त्यानं ते दाराच्या फळीला सांगितलं. एका घरी नवरा बाहेर आला, काय झालं म्हणाला, आणि त्याच्यासमोरही सांगावं लागलं. एक म्हातारी बहिरी होती, तिला मोठ्यानं सांगावं लागलं, गल्लीत माणसं थांबली. रानात ज्या बाईनं मालकीण बसली म्हणून सगळ्यांना बसवलं होतं, ती जात्यावर होती. तिनं जातं थांबवलं, त्याचं ऐकून घेतलं, आणि मी हसली होती भाऊ, मले झोप येत नाई, एवढं म्हणून ती रडू लागली.  तिचं रडणं ओसरेपर्यंत दयाराम उभा राहिला आणि पुढच्या दाराकडे गेला.

दुपार कलताना तो घरी आला. सोजराबाई ओसरीवरच होती. पदर खांद्यावर घसरला होता, डोक्यावरचा व्रण उन्हात उघडा होता, तिनं तो झाकला नाही.

"अकराही?" तिनं विचारलं.

"दहा. एक माहेरी गेली, तामगावले. होळीनंतर येणार म्हणे."

"मंग ती आली की जा."

"हाव," दयाराम म्हणाला.

तिनं भाकरीची टोपली त्याच्याकडे सरकवली आणि ती आत निघून गेली. तो हात न धुता बराच वेळ टोपलीसमोर बसून राहिला.